पहिला रिकामा रविवार

श्रद्धा उरली नाही म्हणून तू चर्चला जाणं थांबवलंस, आता रविवारचं काय करायचं हा प्रश्न आहे. वसईत वाढलेल्या कॅथलिक माणसाला मिस्सा, म्हणजे चर्चमधली रविवारची उपासना, सोडणं सोपं, रविवार सोडणं कठीण. मला सहा वर्षं झाली. सुरुवातीला चर्चची घंटा वाजली की पोटात गोळा यायचा. आठ-नऊ वर्षांचे असताना पापनिवेदनाला, म्हणजे धर्मगुरूंसमोर आपली पापं कबूल करायला, उभे राहिलो तेव्हापासूनची भीती ती, डोक्याला पटलं म्हणून लगेच जाणार नाही. स्वतःला दोष देऊ नकोस.

त्या सकाळी घरात एकटा मात्र बसू नकोस. मी वाडीत केळींना पाणी घालायचो.

आईशी वाद घालू नकोस. ती जपमाळ म्हणते तेव्हा शेजारी बस, ओठ हलले नाहीत तरी चालतील. आणि सगळंच टाकू नकोस. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आजीच्या थडग्यावर मेणबत्ती लावायला मी अजून जातो. प्रार्थना करत नाही. मेण बोटावर ओघळेपर्यंत तिच्याशी बोलत बसतो.