अमेरिकेत कला-इतिहासात पीएचडी करताना कॉलेज आर्ट असोसिएशनचं सभासद व्हावं का?

तुमचा प्रश्न असा: कला-इतिहासात पीएचडीचं दुसरं वर्ष चालू आहे, नवरा त्याच विद्यापीठात शिल्पकलेत एमएफए (मास्टर ऑफ फाइन आर्ट्स) करतोय, गाईड दोघांच्याही मागे लागलेत की कॉलेज आर्ट असोसिएशनचं, म्हणजे सीएए या कलावंत आणि कला-अभ्यासकांच्या संघटनेचं, सभासद व्हा, आणि स्टायपेंडमधून ते पैसे काढणं जिवावर येतंय. येणारच. यंदा तरी दोघांनी पैसे भरायची काही गरज नाही.

मी एका स्टेट युनिव्हर्सिटीत कला-इतिहास शिकवते. सीएएची सभासद कधी असते, कधी नसते. ज्या वर्षी तिथे पेपर वाचायचा असतो, त्या वर्षी मुकाट्याने पैसे भरते.

कशासाठी पैसे भरू नयेत ते आधी सांगते. ‘द आर्ट बुलेटिन’ आणि ‘आर्ट जर्नल’ ही त्यांची दोन्ही नियतकालिकं बहुतेक विद्यापीठांच्या लायब्ररीत असतात, तुमच्या लॉगिनने उघडतील. पुस्तकांची आणि प्रदर्शनांची परीक्षणं छापणारं ‘सीएए रिव्ह्यूज’ तर ऑनलाइन आहे आणि सगळ्यांना फुकट आहे. राहिल्या नोकऱ्या. एके काळी फेब्रुवारीच्या अधिवेशनात हॉटेलच्या हॉलमध्ये टेबलं मांडून पहिल्या फेरीच्या मुलाखती व्हायच्या, त्यामुळे तिथे जाण्यावाचून गत्यंतर नसायचं. आता ही फेरी बहुतेक ठिकाणी झूमवर उरकतात.

मग ही संघटना कशाला हवी? माझं उत्तर जरा रूक्ष वाटेल: तिच्या नियमावल्यांसाठी. त्या वाचायला सभासद व्हावं लागत नाही, आणि तरीही गाईड मंडळी नेमक्या त्यांच्याबद्दल विद्यार्थ्यांना काहीच सांगत नाहीत.

नवऱ्याचंच घ्या. एमएफए ही आपल्या क्षेत्रातली ‘टर्मिनल डिग्री’, म्हणजे यापुढे पीएचडी मागायची नाही, हे अमेरिकन विद्यापीठांनी आपणहून मान्य केलेलं नाही. सीएएने १९७७ साली एमएफएची मानकं ठरवली, त्यात किमान ६० सेमिस्टर क्रेडिट्सची अट घातली, आणि तो कागद आजही डीनसमोर ठेवता येतो. टेन्युअरचंही, म्हणजे प्राध्यापकाला कायम करण्याचंही, तेच. आमच्या कमिटीसमोर एका सिरॅमिकवाल्या सहकाऱ्याची फाइल आली होती. सोळा-सतरा प्रदर्शनं, त्यातली काही चांगल्या म्युझियममधली, आणि विज्ञान शाखेतून आलेले एक सदस्य पानं उलटत विचारत होते, “ते सगळं ठीक आहे, पण पेपर कुठे आहेत?” सीएएच्या टेन्युअरविषयक मानकांत स्पष्ट लिहिलंय की प्रदर्शन किंवा तज्ज्ञांनी निवडून मांडलेलं कलाकाम हे इतर विषयांतल्या प्रकाशनाच्या बरोबरीचं धरावं. तेवढा परिच्छेद छापून फाइलला लावला. पेपरांचा विषय पुन्हा निघाला नाही.

अर्थात मानकं म्हणजे कायदा नव्हे. विद्यापीठाने ती धाब्यावर बसवली तर सीएए तुमच्यासाठी भांडायला येणार नाही. त्यासाठी कॅम्पसवरची युनियन किंवा एएयूपी ही अमेरिकन प्राध्यापकांची संघटना. ॲडजंक्ट, म्हणजे कंत्राटी अर्धवेळ शिक्षक, म्हणून काम करायची वेळ आली तर हा फरक पक्का लक्षात ठेवा. अर्धवेळ शिक्षकांना कसं वागवावं याचीही सीएएची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, वाचायला छान आहेत, पण पगार त्यांनी वाढत नाही.

तुमच्या स्वतःच्या कामाचा कागद वेगळा आहे: २०१५ साली आलेली दृश्यकलांसाठीची फेअर यूज संहिता, म्हणजे कॉपीराइट असलेलं चित्र परवानगीशिवाय कधी वापरता येतं ते सांगणारा कागद. प्रबंधाचं पुस्तक करायला घ्याल तेव्हा तिची किंमत कळेल. एका छायाचित्राची परवानगी मागायला गेलं की फॉर्म समोर येतो: प्रती किती छापणार, चित्र पाव पान की पूर्ण पान, रंगीत की कृष्णधवल, आत की मुखपृष्ठावर, कोणत्या भाषेत, कोणत्या देशांत विकणार, ई-बुक किती वर्षं. प्रत्येक चौकोनागणिक फी वाढते. आणि अशी पन्नास-साठ चित्रं असतात! संहितेच्या आधी सीएएने केलेल्या पाहणीत निघालं की जवळपास एक तृतीयांश कलावंतांनी आणि अभ्यासकांनी कॉपीराइटच्या धास्तीने एखादं काम सोडून दिलं होतं किंवा हातीच घेतलं नव्हतं. संहिता म्हणते, विश्लेषणासाठी चित्र वापरता येतं. मात्र लेखनाचा रोख चित्राच्या अभ्यासावर हवा, आकार आणि रेझोल्यूशन गरजेपुरतंच हवं, आणि कलाकृतीचं श्रेय द्यायला हवं. सीएएने स्वतःच्या नियतकालिकांचे लेखक-करारही त्यानुसार बदलले. तरी काही प्रकाशक अजून परवानगीचं पत्र मागतातच. करारावर सही करायच्या आधी विचारून घ्या.

तशी ही संघटना १९११ सालची आहे आणि तिची खरी कमाई नेहमी अशा कंटाळवाण्या कामांत दिसते. मंदीच्या काळात, १९३२ मध्ये, ऑड्री मॅकमहन यांनी सीएएतर्फे न्यूयॉर्कमधल्या बेकार चित्रकारांना कामं मिळवून देण्याची योजना चालवली होती. सरकारचा फेडरल आर्ट प्रोजेक्ट त्यानंतर तीन वर्षांनी आला, आणि त्याचं न्यूयॉर्कचं काम पुढे याच बाईंकडे गेलं. उलट १९७२ च्या अधिवेशनात स्त्रियांना वेगळा गट उभारावा लागला. त्यातूनच विमेन्स कॉकस फॉर आर्ट झाली आणि दोन वर्षांत स्वतंत्रही झाली. म्हणजे मायबाप संघटना म्हणून फार भाबडं राहू नये.

अधिवेशनाबद्दल: एकदा जरूर जा, पण पेपर असेल तरच. नव्वद मिनिटांचं सेशन, त्यात साधारण चार पेपर, शेवटच्या वक्त्याच्या वेळी चेअर घड्याळ दाखवतोय, आणि त्याच वेळेला शेजारच्या खोल्यांत डझनभर सेशन्स चालू. मोठ्या नावाचा माणूस नसेल तर समोर आठ-दहा जण. खरा फायदा पुस्तकांच्या स्टॉलवर होतो. तिथे प्रकाशकांचे संपादक स्वतः उभे असतात, आणि ‘माझा प्रबंध अमुकवर आहे’ हे दोन वाक्यांत सांगता आलं तर ते कार्ड देतात.

ओळखी व्हाव्यात असं वाटत असेल तर लहान संघटना बघा. तुमचा विषय भारतीय शिल्प असेल (तुम्ही लिहिलेलं नाही, पण मला तसं वाटतंय) तर अमेरिकन काउन्सिल फॉर सदर्न एशियन आर्ट, म्हणजे एसीएसएए. तिथे तुमच्या तळटिपांतली माणसं चहाच्या रांगेत पुढे उभी असतात. वास्तुकलेकडे कल असेल तर १९४० पासूनची सोसायटी ऑफ आर्किटेक्चरल हिस्टोरियन्स. दक्षिणेकडच्या राज्यांत असाल तर एसईसीएसी. तिथे कलावंत आणि इतिहासकार एकत्र येतात आणि विद्यार्थ्यांना धाकधूक कमी वाटते. नवऱ्याला पहिल्या वर्षाचं ड्रॉइंग आणि डिझाइन शिकवावं लागणार असेल, आणि लागेलच, तर त्याने फेट ही फाउंडेशन शिक्षकांची संघटना पाहावी. एनएईए मुख्यतः शालेय कलाशिक्षकांची, तिच्या वाट्याला जाऊ नका.

सीएएचं सभासदत्व घ्यायची वेळ तिसऱ्या किंवा चौथ्या वर्षी येईल, प्रबंधाचं एक प्रकरण पेपर म्हणून उभं राहील तेव्हा. पेपर मागवण्याची हाक उन्हाळ्यात येते, अधिवेशन पुढच्या फेब्रुवारीत. सभासदत्व आणि नोंदणी हे दोन वेगळे खर्च असतात, विद्यार्थ्यांना दर कमी असतो. निवड झाली की त्याच आठवड्यात डिपार्टमेंटकडे आणि ग्रॅज्युएट स्कूलकडे, दोन्हीकडे, प्रवासखर्चाचा अर्ज टाका. हे पैसे डिसेंबरपर्यंत संपलेले असतात.