फी माफ आहे, तरी मूल क्लासला जात नाही

‘गाण्याच्या क्लासची फी माफ झालीय, तरी मुलगी जायला तयार नाही. काय करावं?’ हा प्रश्न समुपदेशनाच्या कामात माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडून येत राहतो. सोलापुरात अक्कलकोट रोडला टॉवेलच्या लूमवर काम करणारे वडील विचारतात, विडी वळणाऱ्या आया विचारतात, कधी शाळेतल्या बाई मुलाला घेऊनच येतात. कधी तोच प्रश्न ‘आमच्यासारख्यांनी हे शिकवावं का?’ असा येतो, कधी ‘गाण्यानं पोट भरतं का?’ असा. म्हणून एका घराची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि पुष्कळ भेटींतलं मोजकंच घेतलं आहे.

शहराच्या पूर्व भागातलं तेलुगू बोलणारं घर. आई विड्या वळते, वडील लूमवर. मुलगी मराठी शाळेत सातवीत. प्रार्थनेत तिचा आवाज ऐकून शाळेतल्या बाईंनी तिला एका क्लासला पाठवलं. तिथल्या सरांनी फी माफ केली, वह्याही दिल्या. सुरुवातीचे काही महिने ती आनंदानं गेली. मग क्लासच्या दिवशी पोट दुखायला लागलं. डॉक्टरांना काही सापडलं नाही, तेव्हा आई तिला माझ्याकडे घेऊन आली.

“फी नाही, वह्या त्यांच्याच. आणखी काय पाहिजे हिला?” आई म्हणाली. “आमच्या घरात गाणं टिकणार नाही बगा, मॅडम.”

क्लासला का जात नाहीस, असं मी मुलीला विचारलं नाही. घरी तो प्रश्न तिनं बराच ऐकला होता. मी विचारलं, “क्लासमध्ये तू कुठं बसतेस?”

“मागं.”

“कोण बसवतं?”

“कुणी नाही. मीच बसते.” थोड्या वेळानं तिनं स्वतःहून पुढचं सांगितलं. “पाहुणे आले की सर पुढं बोलावतात. हिची फी आपण घेत नाही, असं सांगतात, मग गायला लावतात. बाकीच्यांचं चुकलं की सर परत म्हणून घेतात. माझं चुकलं की मला वाटतं, आता बंद करतील.”

या शेवटच्या वाक्यापाशी मी थांबले, वाचणाऱ्यानंही थांबावं. सूर लागण्याआधी तो अनेकदा चुकावा लागतो. क्लास असतो तो त्यासाठीच. फी भरणाऱ्या मुलाला चुकायचा हक्क आपोआप मिळतो, या मुलीला मात्र प्रत्येक चूक सरांच्या उपकाराला तडा गेल्यासारखी वाटत होती. सर भले माणूस आहेत, त्यांच्या मनात तिला खाली दाखवण्याचं काहीही नव्हतं. पण ‘हिच्याकडून आपण काही घेत नाही’ हे चारचौघांत पुन्हा पुन्हा ऐकणारं मूल तिथं पाहुणा होऊन राहतं.

मी मुलाकडे एकटं पाहत नाही, घरासह पाहते. मुलाचं पोट दुखतं तेव्हा घरातल्या आणखी कुणाला तरी काही बोलायचं असतं, हा माझा वर्षानुवर्षांचा अनुभव. म्हणून वडिलांनी यावं असा आग्रह धरला. ते पाळी संपवून आले आणि खुर्चीच्या कडेवर बसले.

“भाऊ, क्लास बघायला गेलात कधी?”

“काय तोंडानं जाऊ? फुकटात शिकायलीय पोरगी. पैसे भरणारे पालक विचारतात. आम्ही काय विचारायचं?”

“विचारायचं काय होतं?”

बराच वेळ ते गप्प राहिले. मग बोलत सुटले. परीक्षेचा फॉर्म किती रुपयांचा? पेटी घ्यावी लागणार का? रात्री उशीर झाला तर पोरीला आणायचं कुणी? दहावीत गाण्याचे मार्क मिळतात, ते खरं का? आणि शेवटी हळूच, हिला खरंच जमतंय का, की सर आपले मन राखायला म्हणतात? महिनोन् महिने हे सगळं त्यांनी मनात ठेवलं होतं, कारण फुकट घेणाऱ्यानं प्रश्न विचारायचे नसतात, असं त्यांना वाटत होतं. बापानं क्लासच्या दारात पाऊल टाकलं नव्हतं आणि लेक मागच्या रांगेत जाऊन बसली होती. दोघांनीही एकच गोष्ट केली होती.

मी विचारलं, “झेपेल असं महिन्याला काय देता येईल तुम्हाला?”

आई घाईनं म्हणाली, “फी माफ आहे की ओ.”

वडिलांनी तिला हातानं थांबवलं. “१०० देईन,” ते म्हणाले. “पहिल्या हप्त्यातनं १०० रुपये. दर महिन्याला.”

तोवर खाली बघत असलेल्या मुलीनं मान वर केली आणि तेलुगूत काहीतरी म्हणाली. आईला हसू आलं. “पावती घ्या म्हणायलीय.”

त्या क्षणी घरातल्या तिघांच्याही बसण्यात फरक पडला. वडील खुर्चीत मागे टेकले. आल्फ्रेड ॲडलर या मानसोपचारतज्ज्ञाचं म्हणणं मी माझ्या कामाच्या पायाशी ठेवलं आहे: आपण इथले आहोत असं माणसाला वाटावं, तर तिथं त्याच्या हातून काही घडलं पाहिजे. ते त्या दिवशी माझ्यासमोर घडत होतं, आणि योग्य वेळी योग्य प्रश्न विचारता आला याचं समाधान मला आजही आहे.

आपल्या संगीताच्या इतिहासातही हे आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. तिथं निवडक विद्यार्थ्यांना ते राहण्याजेवणासह सांभाळून शिकवत, आणि पुढे गेलेली मुलं मागच्यांना शिकवत. पैसे नव्हते त्यांच्याकडूनही काहीतरी घेतलं जाई, म्हणून ती मुलं ओशाळी राहिली नसावीत, असं मला वाटतं.

आईची काळजी वेगळी होती आणि तीही खरी होती. दिवसाला १००० विड्या पुऱ्या करायच्या असतात. मुलगी संध्याकाळी दोरा बांधायला नसली की आईची रात्र लांबते. माफ झालेल्या फीमध्ये हा खर्च कुणी धरत नाही. मुलांच्या हातून विडीचं काम होऊ नये, हे माझं ठाम मत आहे. पण ते आईला ऐकवून तिची रात्र लहान होत नाही. आम्ही सरांशी बोलून क्लास रविवारी सकाळी घेतला, आणि आईनं दोऱ्याचं काम मुलीकडून काढून घेतलं. हे दुसरं तिनं आपणहून केलं.

‘पोट भरतं का?’ याला मी ‘हो’ म्हणत नाही. गाण्यावर घर चालवणारे थोडे असतात. पण सातवीतल्या मुलीनं हा हिशेब आत्ताच मिटवायची गरज नाही, आणि ज्या घरात सगळा वेळ कामाला वाहिलेला असतो तिथं आठवड्यातला एक तास कामाशिवाय मिळणं ही लहान गोष्ट नाही. ‘हे आपलं नाही’ म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगते, मिरजेच्या नावाजलेल्या तंबोऱ्यांचे भोपळे आपल्या मंगळवेढा-पंढरपूरकडच्या शेतांतून जातात.

पालकांनी पहिल्याच दिवशी सगळा खर्च विचारून घ्यावा. फी हा त्यातला एक भाग. परीक्षेचा फॉर्म, येण्याजाण्याचं भाडं, कार्यक्रमाचे कपडे, गुरुपौर्णिमेची वर्गणी, हे नंतर समोर येतं आणि मुलं तिथंच गळतात. गळ्याचं शिकताना लगेच पेटी घ्यायची गरज नसते, तंबोऱ्याचं मोफत ॲप फोनवर चालतं. लूमच्या आवाजात किंवा एका खोलीत रियाज होत नसेल तर शाळा भरण्याआधी २० मिनिटं वर्ग उघडून मागावा. शाळा बहुतेक वेळा देतात. दहावीला शास्त्रीय कलेचे सवलतीचे गुण मिळतात ते खरं, पण एका परीक्षेवर भागत नाही, म्हणून शाळेत नियम आधी विचारावा. गुणांसाठीच मुलाला गायला बसवू मात्र नका.

क्लास चालवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. माफी द्याल ती कुणाला कळू देऊ नका. देणगीदारांसमोर मूल उभं करायचंच असेल तर त्याच्या गाण्यासाठी करा. पालकसभा पाळी सुटल्यावर ठेवा. आणि प्रत्येक घराकडून काहीतरी घ्या: ५० रुपये, सतरंज्या घालणं, पंखा दुरुस्त करून देणं, घरातलं एखादं तेलुगू किंवा कन्नड गाणं.

त्या मुलीचं पोट नंतरही दोन-तीनदा दुखलं. एकदम काही थांबत नाही. घरच्यांच्या संमतीनं मी सरांशी बोलले, त्यांनी ओळख करून देणं लगेच बंद केलं आणि पावतीपुस्तकात १०० रुपयांची नोंद सुरू केली. गेल्या सत्रात तिनं प्रारंभिक, म्हणजे गाण्याची पहिली परीक्षा दिली. फॉर्म भरायला वडील स्वतः गेले आणि पेटी आता घ्यावी की प्रवेशिका या पुढच्या परीक्षेपर्यंत थांबावं, हे त्यांनी सरांना तिथंच विचारलं. सरांनी थांबायला सांगितलं.