एनजीओत फंडरेझिंग करतो, आता हाताखाली टीम दिलीये. लीडरशिपचा कोर्स करावा का?

तुम्ही लिहिलंय की बरीच वर्षं फंडरेझिंगला आहात, आता हाताखाली तिघंजण दिलेत आणि डायरेक्टर म्हणतायत "लीडरशिप स्किल्स वाढवा", तर कोर्स करावा का. करा की. फी संस्था भरत असेल तर जरूर करा, जेवण चांगलं असतं आणि दुसऱ्या संस्थांतली माणसं भेटतात, त्यातली एखाद-दोन पुढे खरंच कामाला येतात. पण हे "लीडरशिप वाढवा" ऐकलं की माझं डोकं फिरतं, कारण मलाही हेच ऐकवलं गेलंय आणि ते कधी, तर मी पहिल्यांदा वरच्या लोकांना सरळ नाही म्हटलं तेव्हा.

सांगतेच आता. आमचं ऑफिस परळला, काम गोवंडीत, बालवाड्या आणि अभ्यासवर्ग. मार्चचा शेवटचा आठवडा होता आणि एका कंपनीच्या सीएसआरवाल्यांचा, म्हणजे कंपनीला कायद्याने समाजकार्यावर करावा लागणारा खर्च सांभाळणाऱ्यांचा, फोन आला की आमचे 22 लाख शिल्लक राहिलेत, घेता का. आता यात नवीन काही नाही, या लाइनमधे ज्याने मार्च काढलाय त्याला माहितीये की वर्षभर ज्यांच्या मागे लागून मेलचं उत्तर येत नाही ते मार्चमधे स्वतःहून फोन करतात. पण अट अशी की पैसे 28 तारखेला येणार आणि युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे पैसे ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला, 31 तारखेचं, आर्थिक वर्ष संपायच्या दिवसाचं, हवं. म्हणजे तीन दिवसांत बालवाडीवर 22 लाख खर्च झाले असं लिहून द्यायचं. कशावर खर्च, खडूंवर?

मी विचारायला डायरेक्टरांच्या केबिनमधे गेले तर तिथे एक ट्रस्टी सर आधीच बसलेले आणि टेबलावर सर्टिफिकेटचा मसुदा टाइप करून तयार. सीएच्या सहीची जागा आणि खाली यूडीआयएनची, म्हणजे सीएच्या प्रत्येक सर्टिफिकेटवर लागणाऱ्या ओळख-नंबरची, जागा तेवढी रिकामी. आणि प्रोजेक्टचं नावच चुकलेलं, गेल्या वर्षी दुसऱ्या कंपनीला दिलेल्या सर्टिफिकेटवरून कॉपी मारली होती ना, त्यामुळे बालवाडीच्या जागी शिवणवर्ग. मी म्हटलं सर, हे मी पाठवणार नाही.

मग सुरू झालं. ट्रस्टी सर म्हणाले, ताई, घरी चालत आलेल्या लक्ष्मीला तुम्ही दार लावताय. अण्णासाहेब कर्वे देणग्यांसाठी दारोदार फिरले आणि तुम्हाला घरबसल्या आलेला पैसा नको. कर्व्यांचं नाव काढलं ना, तिथे माझी सटकली. मी म्हटलं सर, कर्व्यांनी महिलांचं विद्यापीठ काढलं 1916 साली आणि विठ्ठलदास ठाकरसींच्या देणगीचे 15 लाख आले 1920 मधे, विद्यापीठाला त्यांच्या आईचं नाव लागलं, एसएनडीटी झालं. म्हणजे आधी काम उभं होतं, मग पैसा आला. आपण पैसा आधी घेतोय आणि काम कागदावर उभं करतोय. यावर सर म्हणाले, "तुमच्यात लीडरशिपची कमी आहे. लीडर माणूस मार्ग काढतो."

मार्ग होताच की, आणि तो कायद्यातच होता! 2021 ला सीएसआरचे नियम बदलले तेव्हापासून कंपनीने आपल्याला पैसे दिले म्हणजे ते खर्च झाले असं धरत नाहीत, ते खरंच वापरले गेले हे त्यांच्या सीएफओला, म्हणजे फायनान्सच्या मुख्य अधिकाऱ्याला, लिहून द्यावं लागतं. म्हणजे आमच्या त्या शिवणवर्गाच्या कागदावर तिकडे अजून एका माणसाची सही होणार होती. आणि काम खरंच वर्षाच्या पुढे चालणारं असेल तर कंपनीचं बोर्ड कारण नोंदवून त्याला ऑनगोइंग प्रोजेक्ट ठरवू शकतं, उरलेले पैसे 30 एप्रिलच्या आत अनस्पेंट सीएसआर अकाउंट नावाच्या वेगळ्या खात्यात टाकायचे आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वापरायचे. आमच्या बालवाड्या तर वर्षानुवर्षं चालू आहेत. मी तिथेच स्पीकरवर फोन लावला आणि सीएसआरवाल्यांना हे सांगितलं. तो मुलगा आधी गप्प झाला, मग म्हणाला मॅडम फायनान्सला विचारतो, आणि मला तर वाटतं सुटल्यासारखं झालं त्याला, त्याच्याही वर कोणी सर बसलेच असणार.

शेवटी काय झालं, तर 14 लाख मिळाले, दोन वर्षांत हप्त्याहप्त्याने, आणि त्यात दोन सेविकांचे पूर्ण पगार निघाले. बाकीचे 8 लाख त्यांनी दुसरीकडे वळवले. ट्रस्टी सर आजही मीटिंगमधे "ते गेलेले आठ लाख" म्हणून काढतात, जसे काही मी पर्समधून लोकलमधे पाडले.

म्हणून म्हणते, फंडरेझरची लीडरशिप हाताखालच्या तिघांवर नसते हो, वरच्या लोकांपुढे असते. टीम सांभाळणं त्यामानाने सोपं. पोरांना महिन्यातून एकदा तरी फील्डवर पाठवा, नाहीतर ती बालवाडीबद्दल ब्रोशरच्या भाषेत बोलायला लागतात. डोनरने नाही म्हटलं की त्याच संध्याकाळी टार्गेटची एक्सेल उघडून बसू नका. आणि कोणी सुचवलं की यांना पगार कमी देऊन आणलेल्या पैशांवर टक्केवारी देऊ, तर तिथेच हाणून पाडा. परदेशातल्या फंडरेझर्सच्या असोसिएशनच्या आचारसंहितेतही ते चालत नाही आणि ते बरोबरच आहे, कारण टक्केवारीवर असते तर 28 मार्चला मी त्या मसुद्यावर सीएची सही आणायला स्वतः टॅक्सी केली असती.

स्वतःचं डेव्हलपमेंट म्हणाल तर बॅलन्सशीट वाचायला शिका. अकाउंट्सवाल्याशेजारी खुर्ची टाकून बसा आणि बिनधास्त विचारा, ही रक्कम इथे का. मे संपायच्या आत 10बीडी, म्हणजे मिळालेल्या देणग्यांची इन्कम टॅक्सला द्यायची यादी, भरलाय का आणि डोनर्सना टॅक्स सवलतीची 80जीची सर्टिफिकेटं गेलीत का हे तुम्हाला माहीत पाहिजे, "ते अकाउंट्सचं काम आहे" हे उत्तर डोनरला चालत नाही. आणि प्रोग्रामचं बजेट ठरतं त्या मीटिंगला बसायला मागा. बजेट ठरल्यावर आकडा हातात देऊन "आणा" म्हणतात ना, तिथेच सगळा घोळ आहे. आमचे प्रोग्रामवाले दादा म्हणायचे आम्ही काम करतो तुम्ही मागता, त्यांना मी जानेवारीत मुंबई मॅरेथॉनच्या निमित्ताने देणग्या मागतो तेव्हा जुन्या देणगीदारांना फोन करायला शेजारी बसवलं, आता ते बजेट पक्कं करायच्या आधी माझ्याकडे पाठवतात.

आता हे पण सांगायला हवं की मी नाही म्हणू शकले कारण घर माझ्या एकटीच्या पगारावर चालत नव्हतं. तुमच्यावर लोन असेल, नोकरी नवी असेल तर केबिनमधे भांडू नका, मेल टाका, "या तारखेचं सर्टिफिकेट देता येईल का, कृपया सीएंचं मत घ्यावं" एवढंच. लेखी आलं की बरेच शूर लोक मऊ पडतात. आणि सगळे ट्रस्टी असे नसतात, आमच्याच दुसऱ्या ट्रस्टीबाईंनी नंतर मला बाजूला घेऊन बरं केलंस म्हटलं. मीटिंगमधे बोलल्या असत्या तर अजून बरं झालं असतं.

राहिला कोर्स. फी स्वतःच्या खिशातून भरू नका, बजेटमधे ट्रेनिंगची लाइन टाकायला लावा. कोणीतरी लगेच म्हणेल की हे ओव्हरहेड, म्हणजे वरखर्च, झालं, सीएसआरमधे पाच टक्क्यांच्या वर चालत नाही. तर ती पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या ॲडमिन खर्चाला आहे, पैसे घेऊन काम करणाऱ्या संस्थेच्या खर्चाला नाही, मंत्रालयाने 2021 च्या एफएक्यूमधे साफ लिहिलंय. प्रिंट काढून न्या. मी आमच्या सरांना दोनदा दिलीये, पुढच्या मीटिंगला तिसरी नेते.