विचारायचे ते मुलीलाच
तुम्ही या कामात नव्या आहात म्हणून सांगते: बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलीची आई ‘पाळीचा त्रास नको, गर्भपिशवीच काढून टाकू’ असे म्हणाली, तर तिच्यावर रागावू नका, कारण तिची दमणूक खरी असते, पण विचारायचे ते मुलीलाच. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १० नुसार, मुक्त व माहितीपूर्ण संमतीवाचून वंध्यत्व आणणारी वैद्यकीय प्रक्रिया दिव्यांग व्यक्तीवर करता येत नाही. चित्रे दाखवा, सोपे बोला, थांबा. माझ्यासमोर एकीने बराच वेळ ओढणीचे टोक बोटाला गुंडाळले आणि मग ठामपणे नकारार्थी मान हलवली. तो नकार आम्ही तसाच नोंदवला. प्रेम आणि लग्न या विषयांवरही तिच्याशी, आई खोलीत नसताना, असेच बोला.