काम केले, मग मतपत्रिका का नाही?

प्रश्न : सत्तरीतील वाडे, झरी, देवळे यांची नावे मी दोन वर्षे ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या इंटरनेटवरच्या खुल्या नकाशावर भरतो आहे. तरी त्याला आधार देणाऱ्या संस्थेच्या, म्हणजे फाउंडेशनच्या, निवडणुकीत मला मत का नाही?
– एक वाचक, वाळपई

उत्तर : नकाशावरचे खाते वेगळे, फाउंडेशनचे सदस्यत्व वेगळे. खाते कोणीही उघडू शकतो. सदस्यत्वासाठी अर्ज करावा लागतो आणि मत फक्त सदस्यालाच. वर्षाला १५ पौंड भरा, नाहीतर मागच्या ३६५ दिवसांत ४२ वेगवेगळ्या दिवशी नकाशात भर घातली असेल, तर विनाशुल्क अर्ज करा. इथे दिवस मोजतात, नोंदी नव्हे. चवथीच्या सुट्टीत एका बैठकीत चारशे घरे काढलीत तरी हिशेबात दिवस एकच. त्यापेक्षा आठवड्याला एखादी विहीर, एखादी पायवाट भरणारा सहज पात्र ठरतो. भाषांतर किंवा कार्यशाळांसारखी, नकाशाबाहेरची कामे करणाऱ्यांनी कामाचा तपशील लिहून द्यायचा. तो माणसे तपासतात.

अर्जात खात्याचे नाव अक्षरशः तेच लिहा, नाहीतर दिवस जुळायचे कसे? लोक खरे अडकतात ते मुदतीत. निवडणूक वर्षअखेरीकडे असते आणि त्याआधी सदस्यत्वाचे ९० दिवस भरलेले लागतात. घोषणा वाचून अर्ज केलात तर त्या वर्षीचे मत गेलेच. जूनपर्यंत उरकून घ्या आणि दरवर्षी नूतनीकरण विसरू नका.

प्रश्न : डेबियन या स्वयंसेवकांनी बनवलेल्या मुक्त संगणकप्रणालीच्या प्रकल्पात मी फक्त भाषांतर करते. मतदानाचा हक्क मिळेल? मतपत्रिकेत चुका कुठे होतात?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : मिळेल. पॅकेज (प्रणालीत घालायचे तयार सॉफ्टवेअर) अपलोड न करणाऱ्यांनाही २०१० पासून पूर्ण सदस्य करून घेतात. मतपत्रिका ईमेलने येते. पसंतीचे आकडे १, २, ३ असे भरायचे, आपल्या ओपनपीजीपी किल्लीने (ओळख पटवणाऱ्या डिजिटल किल्लीने) सही करायची आणि परत पाठवायची. रिकामा सोडलेला पर्याय सर्वांत खाली धरतात, म्हणून 'यापैकी कोणीही नाही' यालाही विचार करून क्रमांक द्या. मत बदलायचे असेल तर पुन्हा पाठवा. शेवटचे तेवढे धरतात.

बहुतेक घोटाळा किल्लीचा. तिची मुदत संपलेली असते, आणि वाढवलेली मुदत प्रकल्पाच्या किल्ल्यांच्या संग्रहात साधारण महिन्याने येते. मतदान दोनच आठवडे, तेव्हा आदल्या दिवशीची धावपळ उपयोगाची नाही.

आपल्याकडच्या ग्रामसभेसारखी इथेही गणपूर्ती आहे, पण वर्गमूळाची. सदस्यसंख्येच्या वर्गमूळाची दीडपट, म्हणजे १,००० सदस्य असतील तर निदान ४८ जणांनी एखादा पर्याय 'कोणीही नाही'च्या वर ठेवला, तरच तो मोजणीत टिकतो.