शेतातली शिळावर्तुळे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नागपूर-काटोल रस्त्यावर जुनापाणीच्या संरक्षित शिळावर्तुळांना, म्हणजे प्राचीन दफनांभोवतीच्या मोठ्या दगडांच्या कड्यांना, लागून आमची जमीन आहे. थोडा भाग हद्दीच्या आतही येतो. तिथे पेरता येईल का? गोठा बांधायचाही विचार आहे.

उत्तर : पेरता येईल. प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्याने संरक्षित क्षेत्रातही पीक घेण्याची मुभा आहे. अट एकच, एक फुटापेक्षा खोल खणायचे नाही. वखर, डवरा खुशाल चालवा. पलटी नांगर खोल लावला की फुटाची मर्यादा सहज ओलांडतो, म्हणून तो आत नेऊच नका. गोठ्याचे तसे नाही. हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम होत नाही, त्यापुढच्या २०० मीटरांत आधी परवानगी लागते. गफलत होते ती मोजताना. लोक शेवटच्या दगडापासून टेप धरतात. अंतर धरायचे ते संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयात हद्द तपासा, मगच पाया आखा.

प्रश्न : ट्रॅक्टर अडतो. वर्तुळातले दोन-चार दगड धुऱ्यावर सरकवले तर काय बिघडेल?

उत्तर : कृपा करून एकही हलवू नका. ही लोहयुगातली, दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची दफने आहेत. मोठ्या दगडांच्या कड्यात अस्थी, काळी-तांबडी मडकी, लोखंडी अवजारे ठेवून वर काळी माती आणि दगडगोटे भरलेले असतात. कडे ही भर धरून ठेवते. दगड उपसला की खड्ड्यात पावसाचे पाणी मुरते, भर ढासळते. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि आतली मडकी फुटतात. जुनापाणीच्या काही दगडांवर वाटीसारखे छोटे खळगे कोरलेले आहेत. ते कोणत्या दिशेच्या दगडावर आहेत, हे अभ्यासकांना फार महत्त्वाचे वाटते. दगड फिरला की तो पुरावा कायमचा गेला. संरक्षित वर्तुळाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

प्रश्न : दुसऱ्या, असंरक्षित शेतात वखरताना लाल मणी आणि गंजलेले लोखंड निघाले. काय करू?

उत्तर : आणखी उकरू नका. जागेवर खुंटी ठोका, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. मणी धुवू नका, लोखंडाचा गंज खरवडू नका. गंजाला कधी कापडाचा किंवा लाकडाचा ठसा चिकटलेला असतो. दोन्ही वेगवेगळ्या कागदात गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवा. काय, कुठे, कोणत्या तारखेला सापडले ते लिहून जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा. १८७८ च्या निखात निधी (जमिनीत पुरलेला ठेवा) कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीच्या वस्तूसाठी हे बंधनकारक आहे. अर्जाची पोच मागून घ्या.