कोल्हापूरजवळील वळिवड्याच्या पोलिश निर्वासित छावणीशी जनरल अँडर्स यांचा संबंध काय?

संबंध अप्रत्यक्ष असला, तरी पक्का आहे. सप्टेंबर १९३९ मध्ये जखमी होऊन सोव्हिएत सैन्याच्या हाती सापडलेले पोलिश सेनानी व्वादिस्वाफ अँडर्स मॉस्कोच्या लुब्यांका तुरुंगात होते. हिटलरने रशियावर चाल केल्यानंतर, ऑगस्ट १९४१ मध्ये, त्यांची सुटका झाली आणि ज्यांनी कोंडले त्यांच्याच भूमीवर पोलिश सैन्य उभारण्याचे काम त्यांच्याकडे आले. १९४२ मध्ये हे सैन्य इराणला नेताना त्यांनी सोव्हिएत संघात हद्दपार केलेल्या हजारो पोलिश बायकामुलांनाही बाहेर काढले. सैनिक स्वतःच्या तुटपुंज्या शिध्यातून त्यांना घास देत. वळिवड्यात १९४३ ते १९४८ या काळात राहिलेले सुमारे ५,००० पोलिश निर्वासित बहुतांशी त्यांतलेच, आणि कोल्हापूरच्या महावीर उद्यानातील स्मृतिस्तंभ या निर्वासितांचाच. अँडर्स १९७० मध्ये लंडनला वारले. दफन मात्र इटलीतील माँटे कॅसिनोला, तिथल्या लढाईत पडलेल्या आपल्या सैनिकांशेजारी झाले.